पोळ्यासकट मध

मुदखेडला फुले उदंड आहेत, मध मात्र त्या फुलांत नाही. बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटते. काकडा आणि मोगरा उमलण्याआधीच, कळी असतानाच खुडला जातो, कारण त्याला वेळेत नांदेडच्या बाजारात पोचायचे असते आणि पुढे हैदराबादच्याही. माशी उन्हाबरोबर बाहेर पडते तोवर झाड रिकामे झालेले असते. झेंडूत तिला पराग मिळतो, मकरंद जेमतेम. भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबातही तीच गत. हार, गजरे आणि तोरणांसाठी लावलेली फुले माशीच्या पोटाला फारशी उपयोगी पडत नाहीत.

मध आहे तो या फुलमळ्यांच्या आजूबाजूला. दिवाळीच्या आगेमागे फुलणाऱ्या तुरीत, जानेवारीतल्या करडईत, धन्याच्या वाफ्यात, बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या गोंड्यांत, परसातल्या शेवग्यात आणि उन्हाळा लागताच बहरणाऱ्या करंज-कडुलिंबात. म्हणूनच या भागात दहा-वीस पेट्या ठेवणाऱ्या माणसासाठी मला एकच धंदा मनापासून सुचवावासा वाटतो : मध पिळून, गाळून बाटलीत भरू नका. पोळे कापा आणि कापलेला तुकडाच विका.

मराठवाड्याला ही चव नवी नाही. बाभळीच्या फांदीला, तुराट्यांच्या कुडाला किंवा बोरीच्या जाळीत फुलोरी माशी तळहाताएवढे एकच पोळे बांधते. फांदीला वेढून वरच्या फुगीर भागात मध असतो आणि खाली लोंबणाऱ्या पातळ भागात अंडी-पिल्ले. जाणता माणूस वरचा मधाचा भाग तेवढा कापून घेतो आणि पिलावा तसाच फांदीला ठेवतो. अडाणी माणूस सगळेच ओरबाडतो आणि पिल्लांसकट फडक्यात पिळतो. तो मध गढूळ निघतो, चार दिवसांत आंबतो आणि त्या वसाहतीचे घरही बुडते. पेटीतला पोळेमध म्हणजे त्या जाणत्या माणसाचीच रीत, फक्त चौकटीत बसवलेली.

पेटीमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथने 1851 मध्ये हलत्या चौकटींची पेटी सिद्ध केली. माशीला जायला-यायला साधारण तीन अष्टमांश इंच वाट सोडली, तर ती जागा ती मेणाने बुजवत नाही, हे त्याने हेरले होते. 1865 मध्ये रुश्का या माणसाने पोळे न मोडता, गरगर फिरवून मध काढणारे यंत्र आणले आणि मध बाटलीत गेला. पाठोपाठ भेसळही गेली. त्या काळात अमेरिकेत ग्लुकोज मिसळलेल्या मधाचा इतका बोभाटा झाला की गिऱ्हाईक लाकडी चौकोनात बांधलेले अख्खे पोळे मागू लागले.

आपल्याकडे महाबळेश्वरला 1946 पासून मधमाशीपालनाचे सरकारी काम सुरू आहे. तिथले मधसंचालनालय आज राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे आहे. पुण्यात 1962 साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. तिकडच्या जंगलात सातेरी माशी आहे. मराठवाड्याच्या उघड्या शेतशिवारात पेट्या ठेवणारे बहुधा मेलिफेरा जातीची माशी पाळतात. दोघींच्या पोळ्याचे तुकडे करता येतात. मात्र मेलिफेराची चौकट मोठी आणि मधही जास्त, त्यामुळे विक्रीला ती सोयीची.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

नेहमीच्या चौकटीत तार ओवून कारखान्यातला जाड मेणपत्रा बसवतात. इथे तार चालत नाही, कारण ती खाणाऱ्याच्या दाताखाली येईल. चौकटीच्या वरच्या पट्टीला शुद्ध मेणाच्या पातळ पत्र्याची बोटभर रुंद पट्टी वितळलेल्या मेणाने चिकटवायची. बाकीचे माशा बांधतात. बारा ते अठरा दिवसांच्या वयाच्या कामकरी माशा एकमेकींचे पाय धरून साखळीने लोंबतात. त्यांच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे पारदर्शक पापुद्रे सुटतात, ते चावून मऊ केले की त्यांतून षट्कोनी घरे उठतात. पेटी जमिनीला समतल हवी. ती कलली असेल तर पोळे चौकटीच्या बाहेर वाकडे जाते आणि शेजारच्या पोळ्याला जुळते. या चौकटींच्या कप्प्याखाली राणीला अडवणारी जाळी हवीच, नाहीतर मधाच्या घरांत अंडी पडली की तो तुकडा विकण्याजोगा राहत नाही.

किलोभर मेण करायला माशीला सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो, असे जाणकार सांगतात. यंत्राने मध काढणारा तेच पोळे माशीला परत देतो, पोळे कापणारा दर वेळी नवे बांधायला लावतो. त्यामुळे पेटीमागे वजन कमी भरते. म्हणून हा तुकडा बाटलीतल्या मधापेक्षा महागच विकला पाहिजे आणि तसे सांगताना माशीपालकाने संकोचू नये. त्याबदल्यात त्याला मध काढायचे यंत्र घ्यावे लागत नाही. माशांनी गच्च भरलेली जोमदार पेटी, ऐन बहर आणि धारदार सुरी एवढ्यावर भागते.

काढणीत घाई आणि दिरंगाई दोन्ही नडतात. मकरंदातले पाणी उडवून माशी मध घट्ट करते आणि मगच घराला मेणाचे झाकण घालते. मधातले पाणी 20 टक्क्यांच्या वर असू नये हा आपल्या अन्नसुरक्षा नियमांचा दंडक, आणि झाकण हीच पिकल्याची माशीने दिलेली खूण. उघडी घरे दिसत असतील तर थांबावे. पण पूर्ण झाकलेले पोळे पेटीत राहू दिले तर हजारो पायांच्या वर्दळीने ते पांढरेशुभ्र झाकण पिवळट, मळकट होत जाते. नेमक्या दिवशी काढलेले पोळे हातात घेऊन उजेडाला धरावे : झाकणे कोरी, घरे काठोकाठ आणि आरपार मधाचा सोनेरी रंग. असे पोळे पाहिल्यावर विकत घेणाऱ्याला वेगळे काही समजावावे लागत नाही.

कापायची खोली माशांना बंद हवी. आधी डबा ठरवावा आणि त्याच्या मापाने तुकडा पाडावा. पोळे ताटावर ठेवलेल्या जाळीवर आडवे घालायचे, सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दमात खाली न्यायची. करवतीसारखी पुढे-मागे केली की घरे चिरडतात. कापलेल्या कडा रात्रभर जाळीवर निथळू द्याव्यात, नाहीतर डब्याच्या तळाशी मधाचे तळे साचते. निथळलेला मध आणि वेडेवाकडे तुकडे गाळून घरखर्चाला किंवा बाटलीला जातात. मग मेणपतंगाची भीती. त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि महिन्याभराने गिऱ्हाइकाच्या डब्यात अळी वळवळते. यावर उपाय गोठवण्याचा : डबा हवाबंद करून उणे 18 अंशांत एक-दोन दिवस ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर हवेतला ओलावा मधावर बसतो.

दोन शत्रू आणखी आहेत. पहिला आपला उन्हाळा. मेण 62 ते 64 अंशांना वितळते, पण मधाने जड झालेले कोवळे पोळे त्याच्या बरेच आधी, चाळिशीतच मान टाकते. मराठवाड्यातले एप्रिल-मेचे ऊन पाहता हा धंदा तुरीच्या फुलोऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा समजावा. करंज-कडुलिंबाचा मध बाटलीत भरावा. थंडीच्या दिवसांत मात्र मुदखेड जंक्शनावरून जाणाऱ्या देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने तुकडे आडवे ठेवून, दाब न देता, मुंबईपर्यंत नेता येतात.

दुसरा शत्रू साखर होऊन गोठणारा मध. सूर्यफुलाचा मध फार लवकर रवाळ होतो. बाटलीतला मध कोमट पाण्यात ठेवून पूर्ववत करता येतो, पोळ्यातला करता येत नाही, कारण सोबत मेणही मऊ पडते. आपल्या शिवारातल्या प्रत्येक बहराचा थोडा मध बरणीत ठेवून पाहावा. महिन्याच्या आत गोठला तर त्या बहराचे पोळे कापायच्या भानगडीत पडू नये.

एवढी यातायात कशासाठी, तर विश्वासासाठी. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँडचे मध तपासले, त्यांतले फक्त 3 अत्याधुनिक एनएमआर चाचणीसह सगळ्या कसोट्यांना उतरले. तेव्हापासून मधाची बाटली हातात घेणाऱ्याच्या मनात शंका असतेच. गुळाचा पाक बाटलीत ओतता येतो, माशीने झाकण लावलेल्या घरात ओतता येत नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : माशांना साखरेचा पाक पाजला तर त्या तोही पोळ्यात भरून झाकण लावतात. पोळे म्हणजे शुद्धतेचे सरकारी प्रमाणपत्र नव्हे. म्हणूनच हा माल ओळखीच्या माणसाकडून, जवळच्या शिवारातून घेण्यात अर्थ आहे आणि म्हणूनच लहान माशीपालकाला इथे मोठ्या कंपनीपुढे उभे राहता येते. डब्यावर वजन, काढणीचा महिना, गाव, कोणत्या बहराचा मध आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक लिहावा. बहर चालू असताना माशांना पाक देऊ नये.

खाणाऱ्यांसाठी थोडे. तुकडा तसाच चावावा. मेण पचत नाही, पण अपायही करत नाही. गिळा किंवा चघळून टाका. गरम भाकरीवर ठेवला तर मेण मऊ पडून मध पसरतो, ती चव बाटलीतल्या मधाला नाही. डबा फ्रिजमध्ये ठेवू नका, मध लवकर गोठतो. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला कोणताच मध चाटवू नका, पोळ्यातलाही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्याला गंभीर आजार होऊ शकतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी प्रशिक्षण घ्यावे. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मिळते आणि पेट्यांसाठी 50 टक्के अनुदान आहे. चौकशी जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करावी. आणि मुदखेडच्या फुलशेतकऱ्यांना, तुरीवाल्यांना, करडईवाल्यांना हात जोडून एकच सांगणे आहे : पीक फुलात असताना फवारणी टाळा. टाळता येत नसेल तर सकाळी करू नका, दिवस मावळताना करा आणि शेजारी पेट्या असतील तर आदल्या दिवशी निरोप द्या.