उजेड हवा तेथे दिवा
दीपावलीतील प्रत्येक दिव्याला त्याची स्वतःची जागा आहे. वसुबारसेचा दिवा गाईवासरापाशी, धनत्रयोदशीचा यमदीप दक्षिणेकडे वात करून दाराबाहेर, लक्ष्मीपूजनाची समई पाटासमोर आणि सांजवातेची पणती तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात! कोणता दिवा कोठे ठेवावा, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नाही. शहापूर-मुरबाडच्या कौलारू घरांतही हीच रीत होती. ओटीवर कंदील, माजघराच्या कोनाड्यात चिमणी आणि स्वयंपाकघरात बहुधा चुलीचाच उजेड. तेल जपून वापरावे लागे, म्हणून दिवा नेमका कामाच्या जागी ठेवला जाई. त्या काटकसरीतून घराला एक शांत शोभाही आपोआप लाभत असे.

आज पाड्यापाड्यांपर्यंत वीज पोचली आहे आणि भिंतीवरचे बटन दाबताच घर उजळते. मात्र दिव्याची जागा आणि त्याची मात्रा यांविषयीचा जुना विवेक त्या बटनाबरोबर सुटत चालला आहे काय, हा प्रश्न या सणाच्या निमित्ताने आम्हांला वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

वीज या मुलुखाला परकी होती, त्या काळाची एक आठवण येथे सांगितली पाहिजे. १९४२च्या आंदोलनात भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. सह्याद्रीच्या पाण्यावर निर्माण होणारी वीज शहरातील कारखाने चालवीत होती आणि तारांखालच्या बहुतेक खेड्यांत तेलाची चिमणीच जळत होती. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. पाण्याची कथाही फारशी निराळी नाही. १८९२ साली बांधलेला तानसा तलाव आणि त्यानंतरचे भातसा धरण, दोन्ही शहापूर तालुक्यातील. मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातशातून जाते. आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वीज आणि पाणी कोठून येते व कोणाच्या वाट्याला येत नाही, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांना उधळपट्टी गोड कशी लागावी?

आता घरातील हिशेब पाहू. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब जेवढी वीज खातो, त्यातील फार थोड्या भागाचा उजेड होतो. उरलेली सारी उष्णता होऊन वाया जाते. तो रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट वीज लागते. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटाच्याही आत भागवतो. हे दिवे शक्य झाले ते निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधामुळे. त्या शोधासाठी २०१४ साली आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा दोनच वर्षांत ४० रुपयांच्या आत आला.

भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. तीन लाख घरांनी साठ वॅटचा एकेक बल्ब काढून नऊ वॅटचा दिवा लावला, तर ते दिवे जळत असताना या केंद्राच्या पूर्ण क्षमतेइतकी वीज वाचते. मात्र दिवा स्वस्त झाला म्हणून एकाच्या जागी सहा लावले, तर नऊ सक चोपन्न. बचत बहुतेक तेथल्या तेथे संपली!

देवघराविषयी एक गोष्ट गृहिणींनी आवर्जून ध्यानात घ्यावी. देवापुढे रात्रंदिवस ठेवला जाणारा लाल 'झिरो' बल्ब नावाप्रमाणे शून्य वीज घेत नाही. जुना झिरो बल्ब बारा ते पंधरा वॅटचा असतो. तो अखंड जळला तर महिन्याला नऊ ते अकरा युनिट खर्च करतो. म्हणजे स्वयंपाकघरात पाच तास जळणाऱ्या साठ वॅटच्या बल्बाइतके किंवा त्याहूनही अधिक! त्याऐवजी अर्ध्या वॅटचा छोटा एलईडी दिवा लावला तर महिन्याला अर्धा युनिटही लागत नाही. आणि पूजेच्या वेळी निरांजन उजळायचेच असेल, तर विजेचा दिवा तेवढा वेळ मालवावा. ज्योतीचे तेज अधिकच खुलते.

शोभेसाठी फार खर्च लागत नाही. दिवा घेताना पाकिटावर केवळ वॅट पाहू नयेत. 'ल्युमेन' हा आकडा उजेड किती ते सांगतो आणि 'केल्विन' त्याची छटा सांगतो. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा समईच्या जवळचा, उबदार पिवळसर प्रकाश देतो. तो ओटी, माजघर आणि देवघराला शोभतो. ६५०० केल्विनचा पांढरा उजेड निवडण्या-टिपण्याच्या कामास बरा, परंतु सणाच्या संध्याकाळी घर दवाखान्यासारखे भासते. शिवाय निळसर पांढऱ्या दिव्याभोवती किडे अधिक जमतात. भातकापणीच्या दिवसांत अंगणात पिवळा दिवा का बरा, हे आमच्या शेतकरी वाचकांना निराळे सांगावयास नको. 'सीआरआय' हा आकडा ८० किंवा त्याहून अधिक असावा, म्हणजे हळदीकुंकवाचा आणि नव्या लुगड्याचा रंग खरा दिसतो.

जागेचा नियम मात्र आजीचाच. स्वयंपाक करणारीच्या पाठीमागे दिवा असला तर तिचीच सावली विळीवर पडते. तो ओट्याच्या वर, समोर असावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला डावीकडून उजेड मिळावा. भिंती आणि छत पांढरे असले की कमी वॅटचा दिवाही पुरतो; म्हणून दिवाळीपूर्वीची चुन्याची सफेदी ही सुद्धा विजेची बचतच होय. दिव्यांवरची धूळ मात्र वीज बंद करूनच पुसावी. एलईडी दिवा पूर्ण बंद काचेत कोंडू नये. उष्णतेने त्याचे आयुष्य घटते. जुना कोनाडा बुजवण्याऐवजी त्यात एक लहानसा पिवळा दिवा आडोशाला ठेवावा. भिंतीवरून परतणारा तो मंद प्रकाश बाजारातील कोणत्याही झुंबराहून घराला अधिक शोभा देतो.

रोषणाईच्या माळा लावू नयेत असे आम्ही म्हणत नाही. आकाशकंदिलाने गाव कसे उजळून निघते! पण आकाशकंदिलाच्या वायरीचे जोड उघडे नसावेत, पणत्या पडद्यांपासून दूर असाव्यात आणि घर निजले की माळाही निजाव्यात. सिद्धगडाच्या परिसरात पावसाच्या तोंडाशी झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. तो सोहळा दिसतो तो काळोख शिल्लक आहे म्हणून.

यंदा घराची साफसफाई करताना प्रत्येक खोलीत क्षणभर उभे राहून एवढेच पाहावे : येथे कोण बसते, काय करते आणि त्याला उजेड कोठून हवा? झिरो बल्ब बदलावा, साठचा बल्ब उतरवावा, आणि वाचलेल्या पैशांतून कुंभाराकडच्या डझनभर पणत्या अधिक घ्याव्यात. एखादी पणती ज्या शेजाऱ्याच्या दारी दिवा लागला नसेल, त्याच्या उंबऱ्यावर ठेवावी.