स्वस्त कुठं, हे नंतर. पक्कं बिल कोण देतो?

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरलं की लॅमिंग्टन रोड फार लांब नाही. पाटीवर 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' आहे, पण पीसी असेम्बल करायला निघालेल्या माणसाच्या तोंडी ते नाव नसतं. काउंटरवरचा पोऱ्या मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट यांचे भाव चिठोऱ्यावर भराभरा लिहितो, बेरीज मारतो आणि हळूच विचारतो, "बिल पाहिजे का?" नको म्हटलं की आकडा उतरतो. या मालावर 18 टक्के जीएसटी आहे. त्यातलाच तुकडा आपल्याला सवलत म्हणून मिळालेला असतो. वर्षभरात ग्राफिक्स कार्ड बसलं की दुकानदार ओळखही देत नाही. अशा कार्डांची वॉरंटी बऱ्याचदा इथला वितरक सांभाळतो आणि खोक्यावर त्याचं लेबल असतं. ते नसेल तर माल परस्पर परदेशातून आलेला असू शकतो. पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर मिळत असेल, तर सुट्या भागांसाठी अशा बाजारासारखी जागा नाही.

लॅपटॉपचं गणित वेगळं. शोरूममधला आणि ऑनलाइन दिसणारा लॅपटॉप नावानं एकच असतो, पण मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं जुळवून पाहा. एकात रॅम बोर्डावरच डकवलेली, म्हणजे पुढं वाढवायची सोय नाही. दुसऱ्याचा पडदा 250 निट्सचा आणि फिकट रंगांचा. चार हजारांचा फरक बहुधा तिथंच मुरलेला असतो. शोरूमचा खरा उपयोग कीबोर्डवर बोटं फिरवून बघायला. तिथला सेल्समन वाढीव वॉरंटी गळ्यात मारणारच, तेव्हा कान जरा बंद ठेवावेत. 'नो कॉस्ट ईएमआय'चंही तसंच. बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच मनाई केली. आता व्याज लागतं, तेवढी सूट किमतीत दाखवतात. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्याच खिशातून जाते.

फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन घराजवळच्या दुकानातून घ्यावं, हे माझं जुनाट मत. एसीत तर यंत्राइतकंच मोल बसवणाऱ्या माणसाचं. सोबत येणारा तांब्याचा पाइप कमी पडला की पुढचा मापानं विकत घ्यावा लागतो, बाहेरचा स्टँड वेगळा. हे दर आधी लिहून घेता येतात ते ओळखीच्या दुकानदाराकडूनच.

ऑनलाइन घेताना संकेतस्थळाच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात विक्रेत्याचं नाव असतं. बिल त्याचं येतं. मोबाइल हाती आला की *#06# दाबून आयएमईआय काढावा आणि केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर 14422 वर पाठवावा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथंच कळतं. भांडण विकोपाला गेलं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता दुसऱ्या टोकाच्या राज्यातला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला त्याचं शुल्कही नाही.