भोंग्यानंतरची २३ मिनिटे

२२ मे २०११, रविवार. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरात संध्याकाळी ५ वाजून ११ मिनिटांनी भोंगा वाजला. अनेकांनी तो ऐकला आणि हातातले काम चालू ठेवले. असे भोंगे तिथे वसंत ऋतूत वाजतच असतात आणि बहुतेक वेळा पुढे काही होत नाही. कुणी टीव्ही लावला, कुणी बाहेर येऊन आभाळाकडे पाहिले. ५.१७ला हवामान खात्याने शहरासाठी टोर्नेडोचा इशारा दिला. ५.३४ला टोर्नेडो जमिनीला टेकला. दुसरा भोंगा वाजला ५.३८ला. १६१ माणसे गेली.

टोर्नेडो म्हणजे चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळ समुद्रावर दिवसेंदिवस वाढते, शेकडो किलोमीटर पसरते. आपल्या उन्हाळ्यातली वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला ढग लागत नाही. टोर्नेडो मात्र गडगडाटी ढगातूनच खाली उतरतो. जॉप्लिनचा टोर्नेडो सर्वांत रुंद जागी दीड किलोमीटरच्या आसपास होता, आणि टोर्नेडोंमध्ये तो अजस्रच म्हणायचा.

मेक्सिकोच्या आखाताकडून दमट, उबदार हवा येते. तिच्यावर पश्चिमेकडची कोरडी हवा पसरते. जमिनीलगतचा वारा मंद आणि एका दिशेचा, उंचावरचा जोरदार आणि दुसऱ्या दिशेचा. या ओढाताणीत मधली हवा आडव्या लाटण्यासारखी फिरू लागते. ढगात चढणारा उष्ण झोत हे लाटणे उभे करतो आणि अख्खा ढग गरगरू लागतो. हा फेर जमिनीजवळ आवळत जातो, तसा वेग वाढतो. पण फिरणाऱ्या बहुतेक ढगांतून टोर्नेडो उतरतच नाही. कुठला ढग उतरवेल याचे नेमके उत्तर विज्ञानाला अजून सापडलेले नाही. म्हणून बहुतेक इशारे फुकट जातात, आणि म्हणूनच लोक भोंगा ऐकून थांबतात. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत जीवघेणी गोष्ट ही थांबण्याची सवय वाटते.

टोर्नेडोच्या पोटात वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र क्वचितच टिकते. म्हणून त्याची तीव्रता मागे उरलेल्या पडझडीवरून ठरवतात. ही पद्धत १९७१ साली मांडली जपानी-अमेरिकी शास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी. तरुणपणी त्यांनी अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या नागासाकीत पडझडीच्या खुणा अभ्यासल्या होत्या. त्यांच्या मोजपट्टीच्या सुधारित आवृत्तीत जॉप्लिनचा टोर्नेडो सर्वांत वरच्या, पाचव्या पायरीवर बसला: वेग ताशी ३२० किलोमीटरहून जास्त.

तिथले बहुसंख्य मृत्यू इमारतींच्या आत झाले. बहुतेक घरांना तळघर नव्हते. मोठ्या दुकानांच्या उंच भिंती कोसळल्या. एका दुकानात मात्र वीसेक जण थंड पेये ठेवायच्या शीतखोलीत घुसले आणि वाचले. छोटी, बंदिस्त, बिनखिडकीची जागा. तळघर नसेल तर हेच शोधायचे: सर्वांत खालच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतींपासून दूर, न्हाणीघर किंवा जिन्याखालची खोली. खाली वाकून डोके झाकायचे. गादी घ्या, हेल्मेट असेल तर घाला. दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडण्याचा जुना सल्ला चुकीचा आहे, त्यात वेळ जातो आणि काचा अंगावर येतात. चाकांवरच्या घरातून मात्र आधीच बाहेर पडून पक्क्या इमारतीत जायला हवे. रस्त्यावरच्या पुलाखालीही आसरा घेऊ नये. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात पुलांखाली थांबलेल्या तिघांचा जीव गेला, कारण अशा सांदीत वारा आणखी जोर धरतो.

डॅलस, ओक्लाहोमा सिटी, कॅन्सस सिटी या पट्ट्यात आज मराठी घरेही आहेत. तुमची मुलगी किंवा मुलगा तिथे लाकडी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असेल, तर पुढच्या फोनवर एवढे विचारा: भोंगा वाजला तर खाली कुठे जाणार, कुणाचे दार ठोठावणार? उत्तर नसेल, तर ती जागा आजच बघून ठेवायला सांगा.