पहाटे धावणाऱ्या मुलामुलींच्या ताटात काय असावे?

पहाटे पाच वाजता वस्तीजवळच्या कोणत्याही मैदानावर जाऊन पाहा. अंधारातच मुले-मुली धावत असतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी सैन्यभरतीची, कोणी कबड्डीच्या संघात असतो. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. एकेका सेकंदावर गुण ठरतात. नोकरी लागली तर घर उभे राहील, हे त्या पोरांना कोणी सांगावे लागत नाही. अशा वेळी एखादा मित्र म्हणतो, "हा डबा घे, या कॅप्सूल घे, स्टॅमिना वाढतो." मग आई भिशीतले पैसे काढून देते. त्या पैशांबद्दल आणि त्या डब्याबद्दल आज थोडे बोलू.

जीवनसत्त्वे आणि खनिजे स्वतः ताकद देत नाहीत. ताकद भाकरी, भात, डाळ, तेल यांतूनच येते. जीवनसत्त्वे ते अन्न शरीराच्या कामी लावतात. व्यायाम करणाऱ्याला ती थोडी जास्त लागतात हे खरे. पण तो जेवतोही जास्त, आणि त्या जास्तीच्या चौरस जेवणातून ती बहुधा मिळून जातात. ज्याच्या शरीरात कमतरता नाही, त्याला वरून गोळ्या घेऊन पळण्याचा वेग वाढत नाही. 'ब' गटाच्या गोळ्या घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, ती न लागणारे जीवनसत्त्व बाहेर पडते म्हणूनच. पैसे कोठे गेले ते दिसते! 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वे रोज मोठ्या मात्रेत घेतल्याने व्यायामाचा शरीराला होणारा काही फायदा उलट कमी होतो, असेही काही प्रयोगांत आढळले आहे.

मात्र कमतरता असेल तर गोष्ट वेगळी, आणि आपल्या घरांत ती असते. सर्वांत मोठी कमतरता लोहाची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत नेते. तेच कमी असेल तर मुलगी कितीही जिद्दीची असो, दुसऱ्या फेरीला तिला धाप लागणारच. घरचे म्हणतात, "हिच्यात दमच नाही." प्रशिक्षक म्हणतो, "आळस करते." आणि ती बिचारी आणखी पळते, आणखी कमी जेवते. दोष तिच्या मनात नसतो, रक्तात असतो. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. मुलींचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि तरुण मुलांचे 13 च्या खाली असेल, तर डबा नव्हे, डॉक्टर गाठावा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम आणि पाळी येणाऱ्या स्त्रीला 29 मिलिग्रॅम लोह लागते. म्हणजे मुलीला मुलापेक्षा दीडपट. आणि आपल्या घरात काय होते? अंडे मुलाच्या ताटात, मुलीला रस्सा. मटणाचे तुकडे आधी बापाला आणि भावांना, मुलगी व आई शेवटी, भांड्यात उरेल ते. मायबहिणींनो, रागावू नका, पण हे वाढप बदलल्याशिवाय कोणतीही गोळी पुरी पडणार नाही.

लोह कोठून मिळवावे? 100 ग्रॅम बाजरीच्या पिठात सुमारे 6 मिलिग्रॅम असते, म्हणजे बाजरीची भाकरी गव्हाच्या चपातीपेक्षा बरी. कोंबडीची कलेजी स्वस्त असते आणि 100 ग्रॅममध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम लोह देते. मांसातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागते. आठवड्यातून एकदा कलेजी पुरे. तिच्यात 'अ' जीवनसत्त्व फार असते, म्हणून गरोदर बाईने ती टाळावी. बैलाचे मांस आणि त्याच्या वाळवलेल्या चान्या कित्येक गरीब घरांचा स्वस्त आधार होत्या. 2015 च्या कायद्याने तो आधार गेला. त्याची जागा अंडी, सुकट, कलेजी आणि कडधान्यांनी भरावी लागते. हाळिवाचा फार बोलबाला आहे. जुन्या पुस्तकांत 100 ग्रॅम हाळिवात 100 मिलिग्रॅम लोह छापलेले असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकात ते सुमारे 17 आहे. लाडू जरूर खावा, पण चमत्काराची वाट पाहू नये. आणि बीट लाल असते म्हणून रक्त वाढते, हा तर निव्वळ समज. 100 ग्रॅम बिटात 1 मिलिग्रॅमही लोह नसते.

खाल्लेले लोह अंगी लागावे म्हणून जेवताना लिंबू पिळावे, आवळा किंवा पेरू खावा. मटकी, हरभरे मोड आणून खावेत. भाजी लोखंडी कढईत करावी. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये, तासाभराचे अंतर ठेवावे. चहा लोहाला अडवतो. अनवाणी पळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. घाण झालेल्या मातीतून आकडेकृमी पायावाटे शरीरात शिरतात आणि आतून रक्त पितात. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींना शाळा-अंगणवाडीतून जंताची गोळी आणि आठवड्याला एक निळी लोहाची गोळी फुकट मिळते. ती दप्तरात पडून राहते, हे माझ्या पाहण्यात आहे! पोटात मळमळते म्हणून मुले टाळतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो.

हाडांसाठी कॅल्शियम रोज 1000 मिलिग्रॅम लागते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350, दोन चमचे तिळात सव्वाशेच्या आसपास, एक पेला दुधात दोनशेहून अधिक. शेवग्याचा पाला तर दारात फुकट मिळतो. काट्यासकट खाल्लेली छोटी सुकी मासळीही उत्तम. पण कॅल्शियम शोषले जायला 'ड' जीवनसत्त्व हवे, आणि येथे गंमत आहे. पहाटे धावणाऱ्याला वाटते, मला ऊन मिळते. पहाटेच्या कोवळ्या उन्हात 'ड' तयार करणारे किरण फारच थोडे असतात. दुपारच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसावे. 'ड'च्या मोठ्या मात्रेच्या पुड्या डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घेणारे लोक आहेत. ते जीवनसत्त्व शरीरात साठते व जास्त झाले तर मूत्रपिंडाला अपाय होतो.

बी-12 फक्त प्राणिजन्य पदार्थांत असते. काही घरी वर्षावासात मांसाहार बंद असतो. तीन महिन्यांनी काही बिघडत नाही, यकृतात त्याचा साठा असतो. जे कायमचे शाकाहारी झाले आहेत त्यांनी मात्र दूध-दही सोडू नये, आणि हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासून घ्यावे.

मुलींच्या बाबतीत एक खूण आयांनी ओळखावी. सराव वाढला, जेवण घटले आणि पाळी तीन महिने आली नाही, तर तो सुटकारा समजू नये. शरीराला अन्न पुरत नाही, हाडे ठिसूळ होऊ लागली आहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो.

राहिला घाम. कडक उन्हात तासाभरात लिटरभर घाम जातो आणि त्याबरोबर मीठही. साध्या सरावाला पाणी, ताक, चिमूटभर मीठ घातलेले लिंबूपाणी पुरते. फार घाम गेला, जुलाब-उलटी झाली, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट प्यावे. चव अश्रूंहून खारट लागली तर मीठ जास्त झाले. ते पाणी फेकून नवीन करावे.