पॅरिस फोर्टात, बाजार नायगावात

फोर्टात २०२५ च्या अखेरीस गॅलरी लाफायेत उघडलं आणि मुंबईकरांच्या जुन्या आठवणींना पालवी फुटली. टर्नर मॉरिसन आणि व्होल्टास हाउस या दोन जुन्या इमारती, पाच मजले, सुमारे ९० हजार चौरस फूट जागा, बिर्लांची भागीदारी हे तपशील एव्हाना सगळ्यांना पाठ झाले आहेत. पॅरिसच्या मूळ दुकानावरचा १९१२ चा काचेचा घुमटही फोटोंतून पाहून झाला. पाठोपाठ ‘काय दिवस होते ते’ सुरू झालं: फाउंटनचं अकबरअलीज, काचेची कपाटं, अदबीने कापड उलगडणारे विक्रेते. या स्मरणरंजनातून एक पत्ता मात्र हटकून गळतो, तो नायगावचा.

फोर्टाला अशा दुकानांचं अप्रूप तसं जुनंच. तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, व्हाइटअवे लेडलॉ होतं. १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेल्या या कंपनीचा खाक्या रोखीचा. उधारीचं नाव काढायचं नाही. काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं. मुंबईत ते १८९१ मध्ये आलं, आणि त्याची जन्मकथा मजेशीर आहे. लंडनमध्ये लष्कर आणि आरमारातल्या काही अधिकाऱ्यांना वाइन घाऊक भावात हवी होती. त्यासाठी त्यांनी १८७१ मध्ये चक्क सहकारी संस्था काढली आणि माल सभासदांपुरता ठेवला. मुंबईतल्या सगळ्यात साहेबी दुकानाचं मूळ असं सहकारात सापडतं!

पुढे या वास्तूंचं जे झालं, ते एखाद्या कादंबरीकारालाही सुचलं नसतं. ३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी परदेशी कापडाची होळी पेटवली. त्यानंतर ३३ वर्षांनी, १९५४ मध्ये, व्हाइटअवेच्या जागेत खादी भांडार आलं. तेही अखेर वादात सापडलं. खादी नसलेला माल विकल्याचा ठपका ठेवून खादी आयोगाने २०२२ मध्ये ते चालवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र रद्द केलं. आर्मी अँड नेव्हीच्या इमारतीत टाटांचं वेस्टसाइड आलं.

पण फोर्टातली ही दुकानं गिरणगावातल्या माणसाने पाहिली ती बहुतेक रस्त्यावरूनच. त्याचं डिपार्टमेंटल स्टोअर वेगळं होतं. १९४८ मध्ये नायगावात कामगारांनी ग्राहकांची सहकारी संस्था उभी केली. मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी मंडळ असं तिचं भारदस्त नाव. लोकांच्या तोंडी मात्र एकच, ‘अपना बाजार’. काळ रेशनिंगचा आणि काळ्या बाजाराचा होता. चाळीतल्या बाईचा सगळा संसार कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहीत अडकलेला असे. पगार झाला की आधी मागची बाकी, मग पुढची उधारी. भाव वाणी सांगेल तो, आणि वही त्याच्याच हातात असल्यामुळे तांदळातल्या खड्यांबद्दल बोलायचीही चोरी.

सहकारी दुकानाने या व्यवहाराची मांडणीच बदलली. शेअर घेतला की गिऱ्हाईक मालक. घाऊक खरेदी एकत्र व्हायची, वजन चोख मिळायचं आणि फायदा झालाच तर तो सभासदांकडे वळायचा. शेअर एक असो की पन्नास, मत एकच. आर्मी अँड नेव्हीचंही मूळ तत्त्व जवळपास हेच. फक्त इथे वाइनच्या जागी तूरडाळ होती.

१९६० च्या दशकात या कल्पनेला सरकारी बळ मिळालं. दोन युद्धं, पाठोपाठ दुष्काळ आणि जून १९६६ मधलं रुपयाचं अवमूल्यन, यांमुळे महागाईने लोक हैराण झाले होते. त्याच वर्षी दिल्लीत सुपर बाजार निघाला आणि १९६८ मध्ये कुलाब्यात सहकारी भांडार. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिला महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाचा गाळाच वगळला: शेजारच्या कुटुंबांनी एकत्र यादी द्यायची, महिन्याचं वाणसामान एका घरी उतरवून घ्यायचं आणि वाटून न्यायचं.

त्या पिढीच्या मध्यमवर्गीय मुंबईकराला खरेदी आठवते ती अशीच: हातात कापडी पिशव्या, महिन्याची यादी, जूनमध्ये वह्या आणि छत्र्या, दिवाळीआधी रवा, मैदा, डालडा आणि मोती साबण. सगळं एका छपराखाली आणि छापील भावात. झगमगाट नव्हता. सेवा तुसडी असायची, हवा तो ब्रँड संपलेला असायचा, बिलासाठी रांग लागायची. या दुकानांना सोन्याचा मुलामा देण्याचं कारण नाही. पण दारावर कुणी तुमची ऐपत जोखत नव्हतं.

हे आज लिहावं लागतं, कारण १९९९ मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा सुरुवातीला आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर दाराशी पैसे मोजावे लागत. त्याआधी, १९९१ मध्ये, अंधेरीत शॉपर्स स्टॉप आलं होतं. इकडे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव विस्कटत गेलं होतं. सभासद डोंबिवली, विरारकडे पांगले. सहकारी दुकानांचा पाया होता तो एका वस्तीत राहणारा, एकमेकांना ओळखणारा ग्राहक. तोच सुटा झाला.

त्याच १९९९ मध्ये राधाकिशन दमाणी यांनी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून पाहिली. ती पद्धत त्यांना पटली नाही आणि २००२ मध्ये त्यांनी पवईत डीमार्ट काढलं. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करायचे, त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा आणि जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची ठेवायची, हे त्यांचं गणित. मार्च २०२५ अखेर डीमार्टची ४१५ दुकानं होती. स्वस्त डाळ-तांदळासाठी तिथे उसळणारी गर्दी पाहिली, तर नायगावने ओळखलेली गरज अजून तशीच आहे हे कळतं. बदलली ती मालकी. २०१७ मध्ये डीमार्टचा २९९ रुपयांना दिलेला शेअर नोंदणीच्या दिवशी ६०० च्या वर उघडला; त्या दिवशी ज्यांचे पैसे दुप्पट झाले, त्यांना दुकानाच्या रांगेत उभं राहण्याची गरज नव्हती. फोर्टातल्या घुमटवाल्या पाहुण्याचं कौतुक जरूर व्हावं, पण मुंबईच्या दुकानांचा इतिहास लिहायला बसलेल्यांनी हार्बर लाइन पकडून आधी नेरूळला उतरावं आणि परतताना नायगावात चौकशी करावी.