दाढेवरचा लेप 'टिकतो' म्हणजे काय?

मुलांच्या दाढा किडू नयेत म्हणून त्यांवर सीलंटचा लेप लावतात. तो किती दिवस टिकतो? तत्त्वज्ञानाच्या माणसांनी दातांत कशाला लक्ष घालावं, असं तुम्ही म्हणाल. पण खरी गोम 'टिकतो' या शब्दातच आहे.

आधी वस्तू पाहू. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या वर्षी. पहिली दाढ येताना दुधाचा एकही दात पडत नाही, म्हणून पुष्कळ आईवडिलांना तीही दुधाचीच वाटते. तिच्या माथ्यावर अरुंद, खोल खाचा असतात. तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. अन्न अडकतं आणि जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात. लेप या खाचा बुजवतो. आम्लाने दाताचा माथा किंचित खरखरीत केला की रेझिन त्याला धरून राहतं, हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवलं. पाया तोच.

आता 'टिकणं' याचे दोन अर्थ वेगळे करू. एक, पदार्थ दाढेवर राहणं. दुसरा, दाढ न किडणं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे आकडे दुसऱ्या अर्थाचे आहेत: लेप दोन वर्षांपर्यंत सुमारे ८० टक्के कीड टाळतो, आणि चार वर्षांपर्यंत सुमारे ५० टक्के. पदार्थ मात्र त्याहून बराच जास्त काळ राहू शकतो, किंवा काही महिन्यांतच सुटू शकतो. लवकर सुटतो तो बहुधा लावताना थुंकी लागल्यामुळे. दाढ कोरडी ठेवता येत नसेल, ती अर्धीच वर आलेली असेल, तर ग्लास आयोनोमर वापरतात. तो रेझिनपेक्षा लवकर पडतो, पण ओलावा सोसतो आणि फ्लोराइड सोडतो.

हा भेद डहाणू-तलासरीत का महत्त्वाचा? इथली कितीतरी आदिवासी कुटुंबं भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. मुलंही बरोबर जातात. मग सहज म्हटलं जातं, 'पोर पुढच्या तपासणीला येणार नाही, लेप अर्धा पडेल, उलट जास्त किडेल. नकोच लावायला.' तर्क ऐकायला बरा वाटतो, पण खोटा आहे. लेप निघून गेलेल्या दाढा कधीच लेप न लावलेल्या दाढांपेक्षा जास्त किडत नाहीत, असं अभ्यासांत आढळलं. म्हणूनच पुढची तपासणी होईल याची खात्री नसली, तरी मुलाला लेप नाकारू नये, असा सल्ला अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने शाळांसाठी २००९ मध्ये दिला. जो पुन्हा येणार नाही, त्याची गरज उलट जास्तच नाही का?

पुन्हा पाहणं चांगलंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, दातही पाहतं. 'लेप आहे का, कडेने सुटलाय का,' एवढं तेव्हा विचारावं; सुटला असेल तर दंतवैद्याकडून पुन्हा लावून घेता येतो. आश्रमशाळांत मुलं तिथेच राहतात, तिथे हे आणखी सोपं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवू. लेप माथ्यावरच्या खाचा राखतो. दोन दातांमधली फट नाही. तिथे फ्लोराइडची पेस्ट आणि रात्रीचं घासणं लागतंच.

तेव्हा कुणी विचारलं तर सांगू या: लेप कायमचा नाही, पण कीड लागण्याची भीती सर्वांत जास्त असते ती वर्षं तो सांभाळतो. आणि पडला, तरी दाढेचं त्याने काही बिघडवलेलं नसतं.