पोर्टवरचा टॅग

अहिल्यानगर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. राज्यातल्या सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ 1950 च्या सुमारास इथेच, प्रवरानगरला रोवली गेली. अशा कारखान्यात वजनकाट्याचा संगणक, लेखा विभाग आणि गेटवरचे कॅमेरे एकाच स्विचवर आले, तर तिघांची वाहतूक वेगळी ठेवायला व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरची वेगवेगळी आभासी जाळी, लागतात.

समजा, काट्याला व्हीलॅन 10, लेख्याला 20, कॅमेऱ्यांना 30. काट्याचा संगणक ज्या पोर्टला जोडलाय तो ‘ॲक्सेस’: तिथे फ्रेम, म्हणजे डेटाचा एकेक तुकडा, टॅगविना ये-जा करते, 10 हा क्रमांक स्विचच सांभाळतो. तिन्ही व्हीलॅनची वाहतूक मुख्य इमारतीकडे नेणारा पोर्ट मात्र ‘ट्रंक’. तिथे फ्रेमला 4 बाइटचा टॅग चिकटतो. 1998 च्या आयट्रिपलई 802.1क्यू मानकानुसार त्यातले 12 बिट व्हीलॅन क्रमांकाचे, म्हणून वापरता येणारे क्रमांक 4094.

खरी मेख नेटिव्ह व्हीलॅनची आहे. त्याची फ्रेम ट्रंकवरूनही सहसा टॅगविनाच जाते. एका टोकाला नेटिव्ह 1 आणि दुसऱ्या टोकाला 20 असेल, तर 1 ची फ्रेम थेट लेख्याच्या जाळ्यात उतरते! म्हणून दोन्ही टोकं जुळवावीत, नेटिव्हला कुठेच न वापरलेला क्रमांक द्यावा आणि ट्रंकवर 10, 20, 30 एवढ्यांनाच वाट द्यावी.